पुढे मूल, मागे मास्तर

१

माझ्या नातीचा पहिला 'प्रकल्प' मी केला, ही कबुली आरंभीच देऊन टाकलेली बरी. नात पाच वर्षांची. शिशुवर्गाच्या शेवटच्या पायरीवर. शाळेतून चिठ्ठी आली : विषय 'आपले मदतनीस', तक्त्यावर चित्रे चिकटवून, सजवून, सोमवारी आणावीत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विषय सांगताच त्याने मागे न पाहता फळीवर हात घातला आणि छापील चित्रांचा कागद काढून पुढे टाकला. डॉक्टर, पोलीस, शेतकरी, पोस्टमन, सफाई कामगार – सगळे एकाच कागदावर, कापायच्या ठिपक्यांच्या रेघांसकट. ह्या विषयाचे गिऱ्हाईक मी त्या आठवड्यातले पहिले नव्हतो हे उघडच होते.

रविवारी दुपारी मी कात्री घेऊन बसलो. नात शेजारी बसली. कात्री धारदार म्हणून मी तिला दिली नाही, गोंद सांडेल म्हणून गोंद दिला नाही, अक्षर वाकडे येईल म्हणून पेनही दिले नाही. ती पोस्टमनच्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ह्याला स्वतःला पत्र आलं तर ते ह्याला कोण आणून देतं?"

मी म्हणालो, "थांब गं जरा, आधी हे चिकटवू दे."

तक्त्याला शाळेत सोनेरी चांदणी मिळाली. ती चांदणी माझी होती, ह्याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती. नातीला तर मुळीच नव्हती. पुढे तीन-चार आठवड्यांनी, रात्री झोप येईना तेव्हा तिचा तो प्रश्न मला आठवला. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, "अगं, त्या पोस्टमनच्या पत्राचं तू विचारलं होतंस ना?" तिने माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिले. प्रश्न तिच्या मनातून निघून गेला होता. तो परत आणण्याची युक्ती माझ्याजवळ नव्हती.

प्रसंग घरगुती आहे, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण त्या प्रसंगाने मला माझ्या कपाटाकडे ढकलले. मुलाने पुढे व्हावे आणि मोठ्यांनी त्याच्या मागून जावे, ह्या विचाराभोवती एक लहानसे पण जिव्हाळ्याचे वाङ्मय तयार झाले आहे. त्यातली काही पुस्तके मी पूर्वी वाचली होती. वाचून गहिवरलोही होतो. ह्या खेपेस मी ती गहिवर बाजूला ठेवून, एकच प्रश्न हाती घेऊन वाचली. मूल पुढे चालते तेव्हा मागचा मोठा माणूस नेमके काय करीत असतो? ह्या वाङ्मयाचे बरेवाईट ठरवायला हा प्रश्न पुरेसा आहे, असे आता माझे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

२

प्रथम त्या शब्दाकडे पाहू. शिक्षणातला 'प्रकल्प' आपल्याकडे आला तो अमेरिकेतून. जॉन ड्यूई ह्यांनी १८९६ मध्ये शिकागोच्या विद्यापीठात आपली प्रयोगशाळा काढली. तिथे मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम ह्यांतून गणित आणि इतिहासापर्यंत पोहोचत. त्यांच्याच परंपरेतल्या विल्यम किलपॅट्रिक ह्यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीवर एक निबंध लिहिला आणि हे नाव जगभर पसरले. किलपॅट्रिकचा भर एका गोष्टीवर होता : काम मुलाने जीव ओतून केलेले असावे आणि त्याचा हेतू मुलाचा स्वतःचा असावा. हेतू दुसऱ्याचा आणि हात मुलाचे, असे झाले तर ती मजुरी. आणि हेतू शाळेचा, हात आजोबांचे, असे झाले तर त्याला काय म्हणावे ह्याचा विचार किलपॅट्रिकने केलेला नाही. तो मान आमच्या पिढीचा.

पण ह्या विचाराच्या घरातच एक भांडण सुरुवातीपासून आहे. मुलाचा हेतू तेवढा खरा, असे एकदा म्हटले की शिक्षकाने करायचे काय? अमेरिकेतल्या काही शाळांनी ह्याचे उत्तर 'काहीच नाही' असे दिले. मुलांना मोकळे सोडले की झाले. ह्यावर सर्वांत कडक टीका केली ती खुद्द ड्यूईंनी. १९३८ मध्ये लिहिलेल्या 'अनुभव आणि शिक्षण' ह्या छोट्या पुस्तकात त्यांनी आपल्याच अनुयायांचे कान उपटले. जुन्या शाळेतली जबरदस्ती गेली म्हणून मोठ्या माणसाची जबाबदारी संपत नाही, उलट ती अवघड होते, असा त्यांचा मुद्दा होता. जुन्या मास्तराला पुस्तकाचे पान ठाऊक असले की भागत असे. नव्या मास्तराला समोरचे मूल ठाऊक असावे लागते. हा मुद्दा मनात ठेवून आपण पुस्तकांकडे वळू.

३

पहिले पुस्तक गिजुभाई बधेका ह्यांचे 'दिवास्वप्न'. मूळ गुजराती, १९३० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतले; मराठी वाचकालाही ते परके नाही. भावनगरला गिजुभाईंनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते आणि माँटेसोरीबाईंचे विचार पचवून ते आपल्या मातीत रुजवले होते. 'दिवास्वप्न' ही मात्र प्राथमिक शाळेतल्या चौथीच्या वर्गाची कथा आहे, शिशुवर्गाची नव्हे. आणि ती खरी हकीकत नसून कल्पित आहे, हे लेखकाने नावातच सांगून टाकले आहे. एक उत्साही माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो, वर्षभरासाठी एक वर्ग मागून घेतो आणि आपल्या पद्धतीने शिकवू लागतो.

पुस्तकाचे बळ त्याच्या पहिल्याच दिवसात आहे. मास्तर मनाशी सगळे आखून आलेला असतो. तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो. हा माँटेसोरी पद्धतीतला नावाजलेला खेळ : सगळ्यांनी अगदी गप्प बसायचे आणि बारीकसारीक आवाज ऐकायचे. मुले त्याची अशी काही दाणादाण उडवतात की मास्तराला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो आखणी बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगायला बसतो. वर्ग ताब्यात येतो तो गोष्टीने.

मला हा प्रसंग साऱ्या पुस्तकाची गुरुकिल्ली वाटतो. पाहा, शांततेचा खेळ ही काही जुनाट, छडीवाली पद्धत नव्हती. ती नवी, बालकेंद्री म्हणून नावाजलेली पद्धत होती आणि तरीही ती पडली. कारण ती पुस्तकातून आली होती, त्या वर्गातून आली नव्हती. नवी पद्धतसुद्धा मुलांच्या अंगावर जुन्या पद्धतीसारखीच लादता येते, हे गिजुभाईंनी स्वतःच्या पंथावर हसत सांगितले आहे. पंथ काढणाऱ्यांत असे हसणारे थोडे.

पुढे मात्र पुस्तक सोपे होत जाते. अधिकारी धास्तावतात, सहकारी टोमणे मारतात, पण वर्षअखेर सगळे जुळून येते. मास्तराची दुसरी चूक, तिसरी चूक आपल्याला फारशी दिसत नाही. स्वप्नाला हे शोभते. पण ज्याला उद्या सकाळी चाळीस मुलांपुढे उभे राहायचे आहे त्याला पहिल्या दिवसाची फजिती जितकी उपयोगी पडते, तितका शेवटचा जयजयकार पडत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने 'दिवास्वप्न' हे आरंभी थोर आणि शेवटी गोड असे पुस्तक आहे.

४

दुसरे पुस्तक 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी ह्यांचे हे आठवणींचे पुस्तक १९८१ मध्ये जपानीत निघाले आणि पुढे मराठीत आले तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी ते उशाशी ठेवले. टोकियोतली तोमोए ही शाळा सोसाकु कोबायाशी ह्यांनी १९३७ मध्ये काढली. वर्ग रेल्वेच्या डब्यांत. सकाळी बाई दिवसभराचे सगळे विषय फळ्यावर मांडून ठेवत आणि कुठून सुरुवात करायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात ही शाळा जळून गेली.

ह्या पुस्तकाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्यात मी भर घालीत नाही. माझा प्रश्न तेवढा विचारतो : मोठा माणूस काय करतो? पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही पोर कोबायाशींसमोर येऊन बसते. ते म्हणतात, सांग तुला काय सांगायचे ते. ती बोलत राहते आणि ते ऐकत राहतात – चार तास. पुढे एकदा तिचे पैशांचे पाकीट संडासाच्या टाकीत पडते. ते शोधायला ती एकटी मैला उपसून बाहेर ढीग घालू लागते. कोबायाशी तिथून जातात, काय चालले आहे ते विचारतात आणि झाल्यावर सगळे परत आत टाकशील ना, एवढेच म्हणतात. रागावत नाहीत; मदतीलाही धावत नाहीत. माझ्यासारखा आजोबा असता तर एका हाताने तिला बाजूला ओढून दुसऱ्या हाताने पाकीट काढू लागला असता.

आणखी एक माणूस ह्या पुस्तकात गप्प राहून मोठे काम करून जातो, तो म्हणजे मुलीची आई. पहिल्या शाळेने आपल्याला काढले होते हे ती मुलीला पार विशीपर्यंत कळू देत नाही. काही न सांगणे हेही शिकवण्याचाच भाग असते, हे मला ह्या बाईवरून कळले.

मग उणे काय? उणे हे की सगळे मुलीच्या डोळ्यांतून दिसते, आणि सात वर्षांच्या मुलीला मुख्याध्यापकांची रात्र दिसत नाही. चार तास ऐकणाऱ्या माणसाची बाकीची कामे कोणी केली? त्यांचे कधी चुकले का? पुस्तकात एकच प्रकरण ह्या बंद दाराला फट पाडते. वर्गातल्या एका मुलाची शारीरिक वाढ खुंटलेली असते. वर्गशिक्षिका बोलण्याच्या ओघात, सहज, तुला शेपूट आहे का, असे त्याला विचारते. संध्याकाळी कोबायाशी तिला स्वयंपाकघरात बोलावून कठोरपणे फैलावर घेतात आणि तोत्तोचान ते चोरून ऐकते. तिथे आपल्याला प्रथमच कळते की ह्या आनंदी शाळेच्या मागे कोणीतरी सतत जागे आहे, त्याला राग येतो आहे, आणि तो राग तो मुलांपुढे न काढता बंद दाराआड काढतो आहे. माझ्या मते पुस्तक सर्वांत उंच जाते ते ह्या जागी. डब्यांची शाळा सर्वांच्या लक्षात राहते. हे स्वयंपाकघर फार थोड्यांच्या.

५

तिसरे पुस्तक इटलीतले आहे आणि ते समजायला त्या गावाची थोडी ओळख हवी. उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराजवळ व्हिल्ला चेल्ला नावाचे खेडे आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले तेव्हा पळणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे गावकऱ्यांच्या हाती लागले. ते विकून आलेल्या पैशांतून लहान मुलांसाठी शाळा बांधायची असे त्या लोकांनी ठरवले आणि बाँबने पडलेल्या घरांच्या विटा गोळा केल्या. लोरिस मालागुझ्झी नावाचा एक तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवर तिथे गेला आणि त्या कामाचा झाला. १९६३ मध्ये रेज्जो नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा काढली. मग एकामागून एक निघत गेल्या. १९९४ मध्ये मालागुझ्झी वारले तेव्हा जगभरचे शिक्षक ह्या शाळा पाहायला येत होते. वाङ्मयाच्या वाचकासाठी आणखी एक धागा : बालसाहित्यिक जान्नी रोदारी ह्यांनी १९७२ मध्ये ह्याच शहरातल्या शिक्षकांशी गोष्टी रचण्याच्या कलेविषयी गप्पा केल्या आणि त्यांतून झालेले 'कल्पनेचे व्याकरण' हे पुस्तक १९७३ मध्ये रेज्जो शहरालाच अर्पण केले. एखादे पुस्तक एका नगराला अर्पण व्हावे, ह्यात त्या नगराची कमाई दिसते.

ह्या शाळांमधले प्रकल्प आठवडे, कधी महिने चालतात. विषय बहुधा मुलांच्या बोलण्यातून निघतो : सावली, पाऊस, पक्ष्यांसाठी बाग. आणि शिक्षक एक काम अखंड करीत असतात. ते मुलांचे बोलणे लिहून घेतात, ध्वनिमुद्रित करतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी एकत्र बसून त्याचा अर्थ लावतात. उद्या काय करायचे ते ह्या वाचनातून ठरते. म्हणजे तिथला शिक्षक आधी वाचक असतो, मुलांचा वाचक.

अशाच टिपणांतून १९९७ मध्ये 'बूट आणि मीटर' हे पुस्तक निघाले. प्रसंग साधा आहे. दियाना नावाच्या बालशाळेत आहे तसेच आणखी एक टेबल हवे असते. सुताराला बोलावतात. सुतार म्हणतो, करून देतो, मापे द्या. आता पाच-सहा वर्षांची सहा मुले त्या टेबलाभोवती उभी आहेत आणि माप म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. ती बोटांनी मोजतात, विती घालतात, पावले टाकतात. ज्याचा हात मोठा त्याचे उत्तर वेगळे येते. मग कागदाच्या पट्ट्या करून त्यांवर आकडे लिहितात. पण दोन आकड्यांमधले अंतर सारखे हवे हे न सुचल्याने प्रत्येकाची पट्टी वेगळे सांगते. शेवटी एकाचा बूट सर्वांचे माप ठरतो, आणि बुटाच्या मागून त्यांना मीटरची गरज कळते. मीटर हातात येतो तो बक्षिसासारखा नव्हे. आपली अडचण सोडवणारा पाहुणा म्हणून येतो.

शिक्षकाने कपाटातली मोजपट्टी काढून दिली असती तर एका मिनिटात टेबलाचे माप मिळाले असते. ती न देणे हेच ह्या पुस्तकातले सर्वांत अवघड काम आहे. माणूसजातीला माप सापडायला हजारो वर्षे लागली. ह्या मुलांना त्या वाटेने थोडे अंतर स्वतःच्या पायांनी चालू दिले गेले. ती वाट चुकीची असताना शिक्षक गप्प राहिले, पण निघून गेले नाहीत. गप्प राहणे आणि निघून जाणे ह्यांत जो फरक आहे, तोच ड्यूईंच्या टीकेतला फरक.

परंतु समीक्षकाने इथेही भुलू नये. सहा मुले टेबलाशी होती. वर्गातली बाकीची मुले तेव्हा काय करीत होती, हे आपल्याला कळत नाही. बोलकी मुले टिपणात सहज येतात, अबोल मुले येत नाहीत; आणि मुलांचे बोलणे निवडणारा, त्याला क्रम लावणारा हात अखेर मोठ्या माणसाचाच असतो. ते ह्या पुस्तकात इतके देखणे मांडले आहे की ते नेहमी असेच देखणे चालत असेल असा भ्रम होतो. शिवाय ह्या शाळांत प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक, चित्रशाळेसाठी वेगळा कलावंत, तीच मुले तीन वर्षे त्याच शिक्षकांकडे, आणि पाठीशी नगरपालिकेची तिजोरी. गप्प उभे राहायलाही दोन माणसे लागतात : एकाने बाकीच्यांना सांभाळायचे, तेव्हा दुसऱ्याला सहाजणांपाशी वही घेऊन बसता येते. ह्या हिशेबाचा उल्लेख न करता जो रेज्जोची स्तुती करतो, तो अर्धेच सांगतो.

६

इथवर आल्यावर, आमच्याकडे हे कुठले व्हायला, असा सुस्कारा टाकायची आपली रीत आहे. तो टाकण्यापूर्वी डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीकडे पाहावे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या बरोबरीने काम करीत होत्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. व्हिल्ला चेल्लाच्या विटा धुतल्या जात होत्या त्याच साली, १९४५ मध्ये, ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला, आदिवासी पाड्यांच्या मधोमध गेले. ह्या दोन गावांना एकमेकांची खबरही नसेल; पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता.

कोसबाडला मात्र तो उलट बाजूने आला. मुले शाळेत येत नव्हती. घरी धाकटे भावंड सांभाळायचे, गुरे राखायची, मग शाळेत कोण येणार? अशा वेळी मुलांना शाळेत ओढून आणणे हा एक मार्ग. ह्या बाईंनी शाळाच मुलांच्या मागे नेली. पाड्यातल्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे जिथे चरतात तिथे, राखोळ्या पोरांमध्ये भरली ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शंख, खडे आले. 'पुढे मूल, मागे मास्तर' हे इतरांच्या बाबतीत अलंकार म्हणून म्हणता येईल. इथे ते अक्षरशः खरे होते. बाई पोरांच्या मागून कुरणात जात होत्या.

अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन ह्या सगळ्या पुस्तकांत सर्वांत कमी सजवलेले. त्याला 'तोत्तोचान'ची लय नाही, 'बूट आणि मीटर'चा देखणेपणा नाही. पण माझा प्रश्न लावला तर ते ह्या ओळीत मागे राहत नाही. कारण त्यात मोठ्या माणसाचे कष्ट लपवलेले नाहीत. मुलाच्या मागून चालायचे तर आधी त्याला आंघोळ घालावी लागते, त्याच्या पोटात काही गेले आहे का ते पाहावे लागते, त्याची बोली ऐकून शिकावी लागते. ह्या कामांना प्रकल्पाचे नाव कोणी दिले नाही. त्यांच्यावाचून प्रकल्पही उभा राहिला नसता.

तरी एक रुखरुख राहते. अनुताई आपल्याला काम सांगतात, माणसे सांगतात, संस्थेची जडणघडण सांगतात. पण कुरणात बसलेल्या त्या पोराने हातातल्या बियांचे काय केले, कोणता प्रश्न विचारला, काय चुकीचे उत्तर काढले, हे ऐकायला मिळते त्याहून कितीतरी अधिक ऐकावेसे वाटते. रेज्जोजवळ वही होती आणि वही धरायला मोकळा हात होता. कोसबाडच्या हातात पाण्याची बादली होती. दोष हाताचा नाही.

७

'अंगणवाडी' हा शब्द पुढे सरकारने उचलला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आज अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस असते. पोषण आहार, वजने, लसीकरणाची आठवण, गरोदर बायकांच्या भेटी आणि नोंदी. २०२१ पासून त्या नोंदी भ्रमणध्वनीवरच्या 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरायच्या. त्यातून उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. २०२२ मध्ये त्याचा आराखडा आला, आणि त्यात खेळ, शोध, मुलाची जिज्ञासा हे सगळे शब्द आहेत. शब्दांविषयी माझी तक्रार नाही. ते चांगले आहेत. किलपॅट्रिकचाही शब्द चांगला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात तो छापील कागद होऊन बसला आहे.

आपली सेविका दिवसभर लिहीतच असते. मुलाचे वजन लिहिते, उंची लिहिते, हजेरी लिहिते. मूल काय म्हणाले हे लिहायला मात्र तिच्या नोंदीत रकाना नाही. आणि शहरातल्या शिशुवर्गाच्या बाई, ज्यांच्याकडे वजनाचा काटा नाही आणि वेळ थोडा अधिक आहे, त्या पालकांना तक्त्याचा विषय पाठवतात. दोन्ही ठिकाणी मुलाचा प्रश्न जमिनीवर पडतो आणि संध्याकाळी केराबरोबर जातो.

माझ्या वाचनात आलेले बालशिक्षणावरचे मराठी लेखन बहुतेक दोन जातींचे आहे : एक उपदेशाचे, दुसरे गौरवाचे. पहिल्यात मूल कसे असावे ते असते, दुसऱ्यात बाई किती थोर होत्या ते असते. मला तिसरे पुस्तक वाचायचे आहे. एखाद्या अंगणवाडीतल्या सेविकेने लिहिलेले, साधेसुधे. तीन मुले डबक्याशी उभी राहून काय बोलली, मला काय वाटले, मी मध्ये कुठे तोंड घातले आणि कुठे घालायला नको होते, एवढेच त्यात असावे. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' चालवली त्या भाषेत असे पुस्तक होणे अशक्य नाही. त्यासाठी सेविकेला रोज अर्धा तास, शेजारी आणखी एक माणूस आणि शंभर पानी वही द्यावी लागेल. वही स्वस्त आहे. अर्धा तास आणि दुसरा माणूस ह्यांना पैसे पडतात, आणि ते कोणी द्यायचे हा प्रश्न साहित्याचा नाही असे म्हणून समीक्षकाला सुटता येणार नाही. पुस्तक कशामुळे लिहिले गेले हे जर तो सांगतो, तर कशामुळे लिहिले गेले नाही हेही त्याने सांगितले पाहिजे.

मी स्वतःपुरती एक वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर पोस्टमनचा तो प्रश्न, जसा आठवला तसा, लिहून ठेवला आहे. उत्तर लिहिलेले नाही. ते मलाही ठाऊक नाही आणि आमच्या गल्लीत पोस्टमन हल्ली क्वचितच येतो. तो आला की त्याला आत बसवून, चहा देऊन, नातीने स्वतः विचारावे अशी माझी इच्छा आहे. तिला तोवर त्याची गोडी राहिलेली नसेल. परवा ती मला, भिंतीवरची पाल झोपते तेव्हा पडत का नाही, असे विचारीत होती. समोर वर्तमानपत्र होते. ते मी खाली ठेवले.